'आमचं स्वतःचं ॲप' आणि त्याच्या आतला यूट्यूबचा चौकोन

लातूरच्या उद्योग भवन परिसरात किंवा नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर भागात अकरावीच्या शिकवणीची चौकशी करायला गेलेल्या पालकाला फी, बॅच, हॉस्टेल, मेस हे सगळं सांगून झाल्यावर एक वाक्य हमखास ऐकवलं जातं, 'आमचं स्वतःचं ॲप आहे.' लेक्चर बुडालं तर रेकॉर्डिंग बघता येईल. सुटीत मुलगा गावाकडे आला तरी अभ्यास थांबणार नाही. किनवटहून, देगलूरहून, निलंग्याहून आलेल्या बापाला हे पटतं. खोलीभाडं परवडलं नाही आणि मुलीला महिनाभर घरी आणावं लागलं, तर हातात निदान फोन तरी आहे, असा त्याचा हिशेब असतो.

ॲप खरंच असतं. त्यावर क्लासचं बोधचिन्ह असतं, मोबाइल नंबर टाकून लॉगिन करावं लागतं, धड्यांची यादी असते, टेस्टचे गुण दिसतात. पण एखादा धडा दाबल्यावर व्हिडिओचा जो चौकोन उघडतो, तो बरेचदा क्लासचा नसतो. तो यूट्यूबचा असतो. क्लासच्या पानात यूट्यूबचा प्लेअर बसवलेला असतो, याला वेब डेव्हलपर 'एम्बेड करणं' म्हणतात.

यात फसवणूक आहे का? नाही. उलट मराठवाड्यातल्या बहुतेक छोट्या-मध्यम क्लाससाठी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. फसवाफसवी सुरू होते ती हा चौकोन यूट्यूबचा नाहीच, असं भासवण्याच्या धडपडीत. त्या धडपडीची किंमत क्लास मोजत नाही आणि ॲप बनवणारी कंपनीही मोजत नाही. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असलेला विद्यार्थी ती मोजतो. कशी, ते समजून घ्यायचं तर आधी हा चौकोन काय चीज आहे ते बघावं लागेल.

चौकोनात नेमकं असतं काय?

नांदेडच्या किंवा लातूरच्या बसस्थानकाच्या आवारात एखाद्या बँकेचं एटीएम असावं, तसा हा प्रकार आहे. जागा एसटीची. आतलं यंत्र, त्यातल्या नोटा आणि वरचा कॅमेरा बँकेचा. यंत्रात पैसे आहेत की नाही, हे एसटीचा कंट्रोलर सांगू शकत नाही आणि यंत्र बिघडलं तर तो दुरुस्तही करू शकत नाही.

वेबच्या भाषेत या खोक्याला 'आयफ्रेम' म्हणतात. एका पानाच्या पोटात दुसऱ्या संकेतस्थळाचं पान उघडणारी ही चौकट. क्लासचं पान क्लासच्या सर्व्हरवरून येतं, चौकटीतलं पान यूट्यूबच्या सर्व्हरवरून. ब्राउझर या दोघांच्या मध्ये पक्की भिंत उभी करतो. बाहेरच्या पानाला चौकटीतला मजकूर वाचता येत नाही, बदलता येत नाही, त्यातल्या कुकीज बघता येत नाहीत. ही भिंत नसती, तर कुठल्याही फालतू पानाने आपल्या पोटात बँकेचं पान उघडून तुमची शिल्लक वाचली असती.

मग क्लासच्या ॲपला 'तुम्ही हे लेक्चर ३२ मिनिटांपर्यंत बघितलं आहे' हे कळतं कसं? भिंतीला एक फट आहे. दोन्ही पानं एकमेकांना संदेश पाठवू शकतात, पण समोरचा ऐकायला तयार असेल तरच. यूट्यूबने यासाठी ठरावीक आज्ञांचा एक संच उघडा ठेवला आहे. त्याला 'आयफ्रेम प्लेअर एपीआय' म्हणतात. बाहेरचं पान सांगू शकतं : सुरू कर, थांब, अमुक सेकंदावर जा, आवाज कमी कर, दीडपट वेगाने चालव. आतून उत्तर येतं : सुरू झालं, थांबलं, बफरिंग चालू आहे, संपलं. एवढ्यावर एखादी हुशार डेव्हलपर बरंच काही उभं करू शकते. अर्धवट राहिलेलं लेक्चर तिथूनच पुढे सुरू करणं, नोट्समधल्या एका ओळीवर बोट ठेवताच व्हिडिओ त्याच उदाहरणावर नेणं, कुठल्या सेकंदाला सगळ्यात जास्त मुलं मागे जाऊन पुन्हा ऐकतात ते शिक्षकाला दाखवणं. यातली शेवटची गोष्ट फार कमी ॲप करतात आणि तीच शिकवणाऱ्याच्या सगळ्यात जास्त कामाची आहे. मोलर कन्सेंट्रेशनच्या गणितात निम्मा वर्ग तीनदा मागे गेला असेल, तर चूक वर्गाची नसते.

ही सोय तशी जुनी आहे. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा दुसऱ्याच्या पानावर व्हिडिओ चिकटवायला ॲडोबी फ्लॅश लागायचं. आयफ्रेमची पद्धत २०१० मध्ये आली, २०१५ मध्ये यूट्यूबने एचटीएमएल ५ हाच मुख्य प्लेअर केला आणि २०२० अखेर फ्लॅश कायमचं बंद झालं. आज चार ओळी चिकटवल्या की काम होतं. चार ओळींत होतं म्हणूनच त्या ओळी न वाचता चिकटवल्या जातात.

नवशिक्याची सगळ्यात पहिली चूक ठरलेली. व्हिडिओ बघताना वर पत्त्याच्या पट्टीत दिसणारी लिंक तो तशीच चौकटीत टाकतो आणि समोर करडा चौकोन येतो, 'कनेक्ट होण्यास नकार दिला.' नेट गेलं असं वाटतं, पण नेट ठीक असतं. ते नेहमीचं पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडायला यूट्यूबने मनाई केली आहे. चौकटीसाठीचा पत्ता वेगळा असतो, त्यात 'एम्बेड' हा शब्द असतो. शेअर बटणाखाली तो आयता मिळतो.

'व्हिडिओ उपलब्ध नाही'

परीक्षेच्या आदल्या रात्री ॲपमध्ये हा संदेश दिसला की विद्यार्थी क्लासच्या ग्रुपवर लिहितो, 'सर ॲप चालत नाही.' सर ॲपवाल्याला फोन लावतात. ॲपवाला म्हणतो, फोन बंद करून चालू करा. या प्लेअरला नेमकं कारण सांगता येतं, पण ते कुणी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचू देत नाही.

प्लेअर चुकीचा क्रमांक देतो. १०० म्हणजे व्हिडिओ काढून टाकला आहे किंवा खासगी केला आहे. १०१ किंवा १५० म्हणजे व्हिडिओच्या मालकाने तो इतरांच्या पानावर चालवायला परवानगी दिलेली नाही. हा तर अपलोड करताना दिसणारा एक साधा खूण करण्याचा पर्याय आहे, सरांकडून चुकून ती खूण निघालेली असू शकते. आणि अलीकडे डोकेदुखी ठरलेला १५३. आपण कुठल्या पानातून किंवा ॲपमधून बोलावले जात आहोत, हे प्लेअरला कळलं नाही की हा येतो. ब्राउझरमध्ये हा पत्ता आपोआप पाठवला जातो. पण क्लासचं 'ॲप' म्हणजे पुष्कळदा एक वेबसाइटच असते, ॲपच्या आवरणात गुंडाळलेली. तिथे डेव्हलपरने ओळख पाठवायची सोय केली नसेल तर कालपर्यंत चालणारा व्हिडिओ आज बंद पडतो.

या प्रत्येक क्रमांकाला मराठीतलं एक वाक्य जोडायला अर्धा तास लागतो. 'हा व्हिडिओ सरांनी काढला आहे, नवीन लिंक मागवा' असं दिसलं, तर मूल रात्री अकरा वाजता फोन तीनदा बंद-चालू करत बसणार नाही.

मग स्वतःच्या सर्व्हरवर का नाही ठेवत?

पालकांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर गणितात आहे. सेकंदाला ५०० किलोबिट, म्हणजे फळ्यावरची अक्षरं जेमतेम नीट वाचता येतील इतक्या दर्जाचा व्हिडिओ एक तास चालला, की सुमारे २२५ एमबी डेटा जातो. क्लासमध्ये ५०० मुलं आहेत आणि प्रत्येकाने दिवसाला तीन तास बघितलं असं धरा. ५०० गुणिले तीन गुणिले २२५ एमबी, म्हणजे दिवसाला साधारण ३३७ जीबी. महिन्याचे २६ दिवस धरले तर पावणेनऊ हजार जीबी. सर्व्हर कंपन्या यातल्या प्रत्येक जीबीचे पैसे लावतात. यूट्यूब लावत नाही.

शिवाय नुसती फाइल ठेवून भागत नाही. चांगला प्लेअर व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांमध्ये तयार ठेवतो. माहूरच्या घाटात नेटवर्क एका काडीवर आलं की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो, गाडी सपाटीला लागली की पुन्हा वर जातो. चित्र थोडं धूसर होतं, पण आवाज तुटत नाही. शिकवणीत आवाज तुटला की सगळं संपलं. ही यंत्रणा स्वतः उभारता येते, विकतही मिळते. पण अनेक वर्षं जगभरातल्या दरिद्री नेटवर्कवर घासून निघालेल्या यूट्यूबच्या प्लेअरशी बरोबरी करणं मुक्रमाबादच्या किंवा औशाच्या एका छोट्या क्लासला कशाला जमावं? आणि का जमावं?

म्हणून यूट्यूब वापरणाऱ्या क्लासला नावं ठेवण्यात अर्थ नाही. विष्णुपुरीच्या श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली दोन मुलं मिळून असा क्लास पंधरा दिवसांत ऑनलाइन आणू शकतात, ही चांगलीच गोष्ट आहे. 'लातूर पॅटर्न' गाजला तो भारी यंत्रांमुळे नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारकाईने चिरफाड आणि मुलामागे लागणारा शिक्षक, असा तो मामला होता. ॲप हे त्या कामाचं साधन आहे, एवढंच.

लपवण्याचा खटाटोप

आता मूळ दुखण्याकडे. क्लासला दोन भीती असतात. एक, मुलाने प्लेअरमधल्या यूट्यूबच्या चिन्हावर बोट ठेवलं की तो ॲपमधून बाहेर पडून यूट्यूबवर जाईल आणि मग ना गणित ना विज्ञान, रील्समध्ये रात्र जाईल. दोन, लिंक हातात आली की ती टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरेल आणि पुढच्या वर्षी फी भरायला कुणी येणार नाही. दोन्ही भीती खऱ्या आहेत. वर्षभर घसा फोडून घेतलेल्या लेक्चरची फुकट वाटणी झालेली कुणाला आवडेल?

यावर ॲपवाल्यांनी शोधलेला उपाय म्हणजे काच. प्लेअरच्या अंगावर एक पारदर्शक थर टाकायचा. बोट ठेवलं की ते त्या थरावर पडतं, खालच्या यूट्यूबपर्यंत पोहोचतच नाही. किंवा प्लेअरची सगळी बटणं बंद करायची आणि वर स्वतःची दोन-तीन बटणं चिकटवायची. त्यावर कडी म्हणून विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर व्हिडिओवर फिरता ठेवायचा, म्हणजे कुणी रेकॉर्ड केलं तर सापडेल.

यूट्यूबच्या अटींमध्ये याला स्पष्ट मनाई आहे. एम्बेड केलेल्या प्लेअरच्या कुठल्याही भागावर, त्याच्या बटणांवर, काहीही आच्छादन टाकता येत नाही. बोधचिन्ह झाकता येत नाही. प्लेअर किमान २०० बाय २०० पिक्सेलचा असावा, इथपर्यंत नियम आहेत. पण अटी कोण वाचतं, हा युक्तिवाद क्षणभर मान्य करू. मुलाचं काय होतं ते बघा.

यूट्यूबच्या प्लेअरमध्ये कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह असतं. त्यात व्हिडिओचा दर्जा निवडता येतो : १४४, २४०, ३६०, ७२०. काच टाकली की ते चाक काचेखाली गेलं. ॲपवाला म्हणेल, आम्ही आमच्या बटणातून दर्जा निवडायला देऊ. देता येत नाही. बाहेरच्या पानाने दर्जा ठरवण्याची जी आज्ञा पूर्वी होती, ती २०१९ पासून निकामी आहे. ती दिली तरी प्लेअर ऐकत नाही. तेव्हापासून दर्जा दोघेच ठरवू शकतात, यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा किंवा बघणाऱ्याचं बोट. काचेने बोट काढून टाकलं. उरली यंत्रणा. ती नेटवर्क बघते, पडद्यावरच्या चौकोनाचा आकार बघते. वडिलांच्या रिचार्जमध्ये किती शिल्लक आहे, हे तिला ठाऊक नसतं.

नेटवर्क चांगलं असेल तर ती खुशाल वरचा दर्जा उचलते. सेकंदाला दीड हजार किलोबिटने चाललेला तासाभराचा व्हिडिओ ६७५ एमबी खातो. दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन लेक्चर झाली, तिसरं सुरू होऊन थोड्या वेळात चाक फिरायला लागलं. तेच ५०० किलोबिटवर सहा लेक्चर झाली असती. म्हणजे नेटवर्क सुधारलं की या मुलाचा अभ्यास कमी होतो, असा उफराटा हिशेब. आणि त्याला कारण काय, तर क्लासच्या पानावर दुसऱ्याचं चिन्ह दिसू नये हा हट्ट.

बरं, काचेने चोरी थांबते का? तेही नाही. संगणकावर ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडली की चौकटीचा पत्ता समोर येतो आणि त्यात व्हिडिओची अकरा अक्षरांची ओळख लिहिलेली असते. बीसीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला यासाठी दोन मिनिटं लागतात. दुसरा फोन समोर धरून रेकॉर्ड करणाऱ्याला तर तेवढीही अक्कल लागत नाही. काच अडवते ती प्रामाणिक मुलालाच.

'अनलिस्टेड' म्हणजे कुलूप नव्हे

अनेक क्लासचालकांचा समज असतो की व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला. अनलिस्टेड व्हिडिओ शोधात येत नाही, चॅनेलवर दिसत नाही, पण लिंक असलेला कुणीही तो बघू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. गल्लीतलं घर आहे, दारावर पाटी नाही, पण दार उघडंच आहे. 'प्रायव्हेट' केला तर कुलूप लागतं, पण मग तो ॲपच्या चौकटीत सर्व विद्यार्थ्यांना दिसतच नाही. अमुक संकेतस्थळावरच चालेल, इतरत्र नाही, अशी अट सर्वसाधारण यूट्यूब खात्यात घालता येत नाही. विमिओसारख्या सेवेच्या सशुल्क योजनांमध्ये ती घालता येते.

आणि घर भाड्याचं आहे, हेही विसरून चालत नाही. जुलै २०२१ मध्ये यूट्यूबने सुरक्षेच्या कारणावरून २०१७ पूर्वीचे अनलिस्टेड व्हिडिओ सरसकट प्रायव्हेट केले. मालकाने मुदतीत नकार कळवला नसेल, तर जगभरातल्या असंख्य पानांवरचे जुने चौकोन त्या दिवशी काळे पडले. २०१८ मध्ये 'संबंधित व्हिडिओ दाखवू नका' ही सूचना बदलली. आता ती दिली तरी व्हिडिओ थांबल्यावर शिफारशी येतात, फक्त त्याच चॅनेलच्या येतात. २०२३ मध्ये बोधचिन्ह फिकं ठेवण्याचा पर्याय निरुपयोगी झाला. घरमालक भिंतीचा रंग कधीही बदलू शकतो. ज्या क्लासने मूळ व्हिडिओ फायली एका हार्ड डिस्कवर जपून ठेवल्या नाहीत, त्याचं सगळं शिकवणं या मर्जीवर उभं आहे.

दुसऱ्याच शिक्षकाचे यूट्यूबवरचे फुकट व्हिडिओ आपल्या पैसे घेणाऱ्या ॲपमध्ये क्लासचं नाव वर ठेवून बसवणारेही आहेत. तंत्र त्यांना अडवत नाही, मालकाने परवानगीची खूण काढली नसेल तर प्लेअर निमूट चालतो. चौकटीत दाखवणं म्हणजे नव्याने प्रसारण नव्हे, असा निकाल युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. पण कोटाच्या शिक्षकाचं लेक्चर लातूरच्या क्लासचं म्हणून विकणं याला लातूरच्या भाषेत जो शब्द आहे, तो न्यायालयाच्या निकालाने बदलत नाही.

सोळा वर्षांचं मूल आणि कायदा

अकरावी-बारावीची जवळपास सगळी मुलं अठरा वर्षांखालची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांना 'बालक' मानतो. त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्यांच्यावर पाळत ठेवणं, त्यांच्या वागण्याचा माग काढणं आणि त्यावरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. मुलांबाबतचं कर्तव्य मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. शिक्षणसंस्थांना शिकवण्यापुरता आणि मुलांच्या सुरक्षेपुरता माग ठेवायची सवलत नियमांत आहे. तेव्हा 'कुठल्या मुलाने किती मिनिटं लेक्चर बघितलं' ही नोंद शिक्षणाच्या कारणासाठी असल्याचं क्लास म्हणू शकेल. पण चौकटीतला प्लेअर स्वतःच्या कुकीज ठेवतो, त्याचं काय? तो शिकवायला बसलेला नाही.

यावर एक छोटा उपाय यूट्यूबनेच दिला आहे. चौकटीचा 'नो-कुकी' असलेला वेगळा पत्ता वापरला की प्ले दाबेपर्यंत कुकीज ठेवल्या जात नाहीत आणि बघितलेल्या व्हिडिओवरून पुढच्या शिफारशी बेतल्या जात नाहीत. सगळा माग यामुळे पुसला जात नाही, फोनचा आयपी पत्ता तर सर्व्हरला कळतोच. पण पत्त्यातला एक शब्द बदलायचा आहे, खर्च शून्य. शिक्षणासाठी जाहिराती, बाहेरच्या लिंक आणि शिफारशी नसलेला खास प्लेअर यूट्यूबने २०२२ मध्ये जाहीर केला, तो मात्र निवडक शैक्षणिक कंपन्यांशी करार करून दिला जातो. गल्लीतल्या क्लासपर्यंत तो पोहोचला, तर काचेचं कारणच उरणार नाही. ही मागणी महाराष्ट्रातल्या क्लासचालकांच्या संघटनांनी करायला हवी, जीएसटीच्या मागणीइतक्याच जोराने.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे, सांगून टाका. 'आमचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत, ॲपमध्ये ते नीट लावून दिले आहेत' हे प्रवेशाच्या वेळीच सांगणाऱ्या क्लासची किंमत कमी होत नाही. पालक फी भरतो ती शिकवण्याची, धड्यांच्या क्रमाची, टेस्टची, शंका विचारली तर उत्तर देणाऱ्या माणसाची. सर्व्हर कुणाचा, याची नव्हे.

काच काढा, बटणं परत द्या. रील्सची भीती असेल तर ती काचेने जाणार नाही, यूट्यूबचं ॲप त्याच फोनमध्ये शेजारीच आहे.

ज्या व्हिडिओंची चोरी खरोखर परवडत नाही, ते यूट्यूबवर ठेवूच नयेत. क्रॅश कोर्सचे शेवटचे पंधरा तास किंवा क्लासचे खास प्रश्नसंच सोडवलेले व्हिडिओ असतील, तर तेवढ्यापुरती सशुल्क सेवा घ्यावी. तिथे ठरावीक वेळेपुरतीच चालणारी लिंक मिळते, फाइल कुलूपबंद करता येते, विद्यार्थ्याचा नंबरही कुणाच्या अटी न मोडता व्हिडिओवर फिरवता येतो. वरचं गणित तिथे कामाला येईल : ५०० मुलं, १५ तास, २२५ एमबी, म्हणजे साधारण १६८७ जीबी, तेही एकदाच. हा आकडा एखाद्या मध्यम क्लासच्या आवाक्याबाहेरचा नसतो. बाकीची रोजची लेक्चर राहू द्यावीत यूट्यूबवर.

ॲप बनवणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट, कारण ती अगदीच सोपी असून सर्रास चुकते. एका पानावर दहा लेक्चरची यादी असेल तर दहा प्लेअर उघडून ठेवू नका. प्ले न दाबताही प्रत्येक प्लेअर आपली स्क्रिप्ट खाली उतरवतो. दहांचे मिळून काही एमबी नुसत्या यादीतच गेले आणि दोन जीबी रॅमचा फोन धापा टाकायला लागला. व्हिडिओचं फक्त चित्र दाखवा, बोट ठेवल्यावरच प्लेअर बोलवा. एक अडचण येईल : एप्रिल २०१८ पासून क्रोम आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवतं, त्यामुळे काही फोनवर दोनदा दाबावं लागेल. चालेल. दोनदा दाबणं दहा प्लेअरपेक्षा स्वस्त आहे.

आणि सरांसाठी : फळ्यावर मोठं लिहा. २४० च्या दर्जातही वाचता येईल इतकं मोठं. कॅमेरा कितीही भारी घेतला तरी बिलोलीच्या मुलाच्या पाच-सहा इंची पडद्यावर तो लहान अक्षरं मोठी करत नाही. लेक्चरबरोबर नोट्सची पीडीएफ दिली तर काही मुलं व्हिडिओ न बघता नुसता ऐकतील आणि त्यांचं भागेल.

पालकांना यातलं काहीच तपासता येत नाही असं नाही. प्रवेश घेण्याआधी क्लासच्या ॲपमधलं एक नमुना लेक्चर स्वतःच्या फोनवर, वाय-फाय बंद करून सुरू करा. प्लेअरच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर बोट ठेवा. दर्जाची यादी उघडली तर २४० निवडा आणि फळा वाचता येतो का बघा. चाक दिसतच नसेल, किंवा दिसूनही दाबलं जात नसेल, तर काउंटरवर बसलेल्या माणसाला विचारा की तासाभराच्या लेक्चरला किती डेटा जातो. मग दहा मिनिटं तो व्हिडिओ चालू द्या, फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर उघडा, ॲपच्या नावापुढचा आकडा वाचा आणि सहाने गुणा.